लेफ्टनंट मेरी सू, वय वर्षे साडेपंधरा

मेरी सू नावाची एक मुलगी आहे. वय वर्षे साडेपंधरा. एवढ्याशा वयात ती अंतराळ दलातली सर्वांत तरुण लेफ्टनंट झाली आहे. एंटरप्राइज यानावर तिचं पाऊल पडायचा अवकाश, कप्तान कर्क तिच्या प्रेमात पडतो आणि दोघांसाठी कॉफी आणायला जाताना अख्खं यान तिच्या हवाली करून जातो. थंड डोक्याचा मिस्टर स्पॉक येतो, तिचं एक उत्तर ऐकतो आणि तिच्या तर्कबुद्धीपुढे मान तुकवतो. पुढे सगळे कैदेत पडतात, तेव्हा ही केसांतल्या पिनेने कुलूप उघडते. सगळे अधिकारी आजारी पडतात, तेव्हा ही यान चालवते, आणि इतकं झकास चालवते की तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळतं. शेवटी ती मरते. तिच्या उशाशी भलेभले धाय मोकलून रडतात आणि तिचा वाढदिवस यानावर राष्ट्रीय सण म्हणून पाळला जाऊ लागतो.

संपली गोष्ट! जेमतेम पानभराची. अमेरिकेतल्या पॉला स्मिथ यांनी ती १९७३ साली लिहिली आणि ‘मेनॅजरी’ नावाच्या, हौशी लोकांनी काढलेल्या एका छोट्या अंकात छापली. केवळ गंमत म्हणून. आणि आज? आज इंग्रजीत ‘मेरी सू’ हे सामान्यनाम झालं आहे. कथेतलं एखादं पात्र अति हुशार, अति देखणं, अति सद्गुणी असलं की समीक्षक त्याला मेरी सू म्हणून मोकळे होतात. पानभर थट्टेतून एका भाषेला नवा शब्द मिळावा, ही काय साधी गोष्ट झाली?

पण मेरी सू एकटी नाही. एंटरप्राइज, कर्क आणि स्पॉक जिच्यातले ती ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका, तिच्यावर जीव लावणाऱ्या आणि जीव लावता लावता तिला खो खो हसणाऱ्या बायका, आणि त्या हसण्यातून जगात आलेल्या नव्या वस्तू, यांची ही हकीकत आहे.

पहिला पत्ता बघा कुणाच्या हातात होता. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. ती बनवली डेसिलू स्टुडिओने, आणि १९६२ पासून या स्टुडिओच्या मालकीणबाई होत्या ल्युसिल बॉल. होय, ‘आय लव्ह लूसी’मधल्या त्याच! अमेरिकेला घराघरांत हसवणारी विनोदी नटी. एवढ्या मोठ्या स्टुडिओची सूत्रं सांभाळणारी त्या देशातली ही पहिली बाई. खर्चाचा आकडा बघून तिच्या संचालकांनी हात वर केले, तरी तिने होकार दिला. असा किस्सा सांगतात की, ‘स्टार ट्रेक’ म्हणजे सिनेमातले स्टार लोक सैनिकांच्या करमणुकीसाठी दौऱ्यावर निघतात, असं काही काळ तिला वाटत होतं. वाटेना का! अंतराळात जाणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध जहाजाला धक्का देऊन पाण्यात लोटलं ते एका विनोदी नटीने.

आता पुढचं आश्चर्य. आपण ओळखतो तो स्पॉक कसा आहे? निर्विकार. भुवई उंचावली तर खूप झालं. पण आधी बनवलेल्या नमुना भागात, ‘द केज’मध्ये, हाच स्पॉक एका परग्रहावरची गुणगुणणारी निळी पानं हातात धरून चक्क दात काढून हसतो! मग ती थंड, तर्ककठोर, भावनांना चार हात दूर ठेवणारी व्यक्ती त्या यानावर कोण होती? एक बाई. तिचं पद उपकप्तानाचं, तिचं नावच ‘नंबर वन’. ही भूमिका केली होती मेजेल बॅरेट यांनी.

वाहिनीने तो भाग नाकारला. बाई अधिकारी वाहिनीला पचली नाही, असं निर्माते जीन रॉडनबेरी सांगत राहिले; बाईला विरोध नव्हता, त्या नटीला होता, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लिहिलं. कारण काहीही असो, नंबर वन गेली. पण तिचं काय झालं माहीत आहे? तिचं पद स्पॉकला मिळालं आणि तिचा स्वभावही. जगभरातल्या लाखो लोकांनी ज्या शांत बुद्धीवर प्रेम केलं, ती बुद्धी मुळात एका बाईसाठी लिहिलेली होती!

आणि मेजेल बॅरेट? त्या केस सोनेरी करून परत आल्या. नर्स चॅपल म्हणून. आता १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवलेल्या ‘अमॉक टाइम’ या भागातला एक प्रसंग जवळ जाऊन बघू. स्पॉकचं चित्त थाऱ्यावर नाही. नर्स चॅपल त्याच्यासाठी मुद्दाम त्याच्या ग्रहावरचं सूप करून, वाडगा ट्रेमध्ये ठेवून, त्याच्या खोलीत जाते. क्षणात आरडाओरडा होतो, ती धावत बाहेर येते आणि पाठोपाठ तो वाडगा भिंतीवर येऊन आदळतो. सूप भिंतीवरून ओघळतं. वरवर बघाल तर आजारी माणसाची चिडचिड. पण नंबर वनची गोष्ट माहीत असलेल्या बाईला इथे काय दिसतं? ज्याला हिची खुर्ची मिळाली, त्याच्यासाठी ही सूप घेऊन गेली, आणि त्याने तेही फेकलं. हसावं की कपाळावर हात मारावा? बायकांनी दोन्ही केलं.

याच भागात त्या हसण्याला उत्तम खाद्य आहे. स्पॉकच्या व्हल्कन ग्रहावरचे पुरुष म्हणजे तर्काचे पुतळे. पण दर सात वर्षांनी त्यांना लग्नाचा असा ज्वर चढतो की तर्कबिर्क सगळा वाहून जातो. स्पॉक त्याच तापाने फणफणत आपल्या वाग्दत्त वधूकडे, टीप्रिंगकडे, येतो. टीप्रिंगला तो नको आहे, तिचं मन स्टॉनवर आहे. ती तिथल्या रिवाजाप्रमाणे द्वंद्व मागते आणि आपल्या बाजूने लढायला निवडते कुणाला? थेट कप्तान कर्कला.

का बरं? तिचा हिशेब बघा. कर्क जिंकला तर त्याला ती नकोच असणार, म्हणजे स्टॉन तिचा. स्पॉक जिंकला तर आव्हान दिलं म्हणून तो तिला सोडून देणार, म्हणजे पुन्हा स्टॉन तिचा. आणि समजा सोडलं नाही, तर तो परत अंतराळात जाणार. त्याचं नाव तिचं, मालमत्ता तिची, आणि स्टॉन तर तिथेच आहे! फासा कसाही पडो, दान तिचंच. शुद्धीवर आलेला स्पॉकसुद्धा दाद देतो की हा तर्क बिनचूक आहे. संपूर्ण मालिका पुरुषांच्या बुद्धीचे पोवाडे गात असताना तिच्यातला सर्वांत पक्का हिशेब एका नवरीने लग्नमंडपात उभं राहून मांडला.

कपड्यांची गोष्ट याहून मजेदार आहे. ‘द केज’मध्ये यानावरच्या बायका पुरुषांसारख्याच पँट घालतात. प्रत्यक्ष मालिका सुरू झाली आणि पँटची जागा तोकड्या स्कर्टने घेतली. लगेच नाक मुरडू नका. १९६६ साली मिनीस्कर्ट हे तरुण मुलींच्या मोकळेपणाचं निशाण होतं. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही, असं लेफ्टनंट उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पुढेही सांगत. पण दहा वर्षांत जग बदललं आणि प्रेक्षक बायका विचारू लागल्या, तेविसाव्या शतकात, यानाला सारखे धक्के बसत असताना, खुर्चीवरून गडगडणाऱ्या बाईला हाच पोशाख का? यावर १९८७ सालच्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नव्या मालिकेने काय तोड काढली असेल? पहिल्या काही भागांत मागच्या बाजूने जाणारे-येणारे पुरुष खलाशीही तोकड्या झग्यात दिसतात! समता आली ती अशी, गुडघ्याच्या वरून.

उहुरा म्हणजे संदेशयंत्रणेची अधिकारी. स्वाहिलीत ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून तिचं नाव. पहिला हंगाम संपताना निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. त्याच सुमारास एका समारंभात त्यांचा एक चाहता त्यांना भेटायला आला. तो चाहता होता मार्टिन ल्यूथर किंग! आमची मुलं तुम्हाला बघतात, तुम्ही ती खुर्ची सोडू नका, असं त्यांनी समजावलं, ही आठवण निकोल्स जन्मभर सांगत राहिल्या. त्या थांबल्या. १९७७ साली नासाने त्यांना स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवारांना साद घालायला नेमलं. १९७८ च्या तुकडीत ३५ जण निवडले गेले, त्यांत ६ स्त्रिया होत्या. अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड त्यांच्यातलीच. उहुराला बघत लहानाच्या मोठ्या झालेल्या मे जेमिसन १९९२ साली अंतराळात पोचल्या, तेव्हा कामाची पाळी सुरू करताना त्या उहुराचंच पेटंट वाक्य म्हणायच्या.

अशा या उहुराला पडद्यावर पहिलं नाव मिळायला किती वर्षं लागली असतील? त्रेचाळीस! पुस्तकांतून आणि चाहत्यांच्या तोंडी ‘न्योटा’, म्हणजे तारा, हे नाव आधीच रुळलं होतं, पण पडद्यावर ते उच्चारलं गेलं २००९ च्या चित्रपटात. आणि चित्रपटाने त्याचीच गंमत केली आहे: कर्क तिला नाव विचारून विचारून थकतो आणि ती सांगत नाही.

मूळ मालिका ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी संपली. शेवटचा भाग तर ऐकाच. जॅनिस लेस्टर या बाईला कप्तान व्हायचं आहे, पण कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही. म्हणून ती यंत्राच्या मदतीने कर्कच्या शरीरात शिरते आणि त्याला आपल्या शरीरात ढकलते. कथेने तिला वेडी ठरवलं आहे. पण कप्तान व्हायला बाईला पुरुषाचं शरीर पळवावं लागतं, तर वेड नेमकं कुणाला लागलंय? बरोबर ४७ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. चंद्र गाठता येत होता, कप्तानाची खुर्ची मात्र अजून लांब होती.

मग प्रेक्षक बायकांनी काय केलं? लिहायला घेतलं. मालिका दुसऱ्या हंगामानंतर बंद पडणार अशी कुणकुण लागताच बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रांची मोहीम उघडली. वाहिनीवर पत्रांचा असा पाऊस पडला की मार्च १९६८ मध्ये तिला मालिका चालू राहणार असल्याचं पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं. त्याआधीच, १९६७ साली, डेव्हरा लँगसॅम आणि शेर्ना कमरफोर्ड यांनी ‘स्पॉकानेलिया’ हा पहिला चाहता-अंक काढला होता. घरच्या टेबलावर टंकलेखन, सायक्लोस्टाइलवर छपाई, हातांना शाई, पानांना स्टेपलर, आणि मग टपालपेटी. १९७२ साली न्यूयॉर्कला पहिला मोठा मेळावा भरला, तेव्हा काही शेकडा माणसं येतील असा अंदाज होता. आली काही हजार! मालिकेच्या लेखनकक्षातही एक बाई होती बरं. रॉडनबेरींची सचिव म्हणून आलेल्या डोरोथी फॉन्टाना कथा-संपादक झाल्या आणि स्पॉकला आई-बाप, घर, दुखरी बाजू देणारा ‘जर्नी टू बॅबल’ हा भाग त्यांनी लिहिला. श्रेयनामावलीत मात्र नाव यायचं डी. सी. फॉन्टाना. लेखक बाई आहे की पुरुष, कळायलाच नको!

या अंकांमधल्या गोष्टी वाचताना मला भोंडला आठवतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून बायका काय गातात? लाडवांना चेंडू समजून खेळत बसणाऱ्या नवऱ्याची गोष्ट. सासर सोडलेलं नसतं, पण त्याला हसून मोकळं होता येतं. आणि आपल्या ओव्या? जात्यावर बसलेली बाई रामाची भक्तच असते, पण सीतेच्या वनवासाबद्दल रामाला बोल लावायला ती कचरत नाही. ज्याच्यावर प्रेम त्यालाच जाब, ही रीत अंतराळयानाच्या चाहतीलाही ठाऊक होती.

आणि ही रीत किती पुढे गेली, बघा. चाहत्या बायकांना प्रश्न पडला, या मालिकेत बरोबरीचं प्रेम कुठे आहे? बायका एकतर टिपणं घेतात, नाहीतर कर्कच्या मिठीत येऊन पाऊण तासाच्या आत मरतात किंवा मागे राहतात. एकमेकांसाठी जीव टाकणारे, एकमेकांचं ऐकून घेणारे दोघेच आहेत, कर्क आणि स्पॉक. मग त्यांचीच प्रेमकथा का लिहू नये? १९७४ साली अशी पहिली कथा छापून आली. दोन नावांमध्ये एक तिरकी रेघ घालायची पद्धत पडली, आणि त्या रेघेवरून ‘स्लॅश’ हा साहित्यप्रकारच जन्माला आला! १९७५ साली कँडी फाँग यांनी चित्रीकरणातून उरलेल्या फिल्मच्या चौकटी जमवल्या, स्लाइड केल्या आणि एका गमतीच्या गाण्यावर एकामागून एक दाखवल्या. मालिकेतली दृश्यं गाण्यावर नव्याने जुळवायची कला आज लाखो लोक फोनवर करतात. तिच्या मुळाशी प्रोजेक्टरची ती खटखट आहे.

याच दशकात एका मुंबईकर मुलीनेही या यानावर पाऊल ठेवलं. १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा! १९७९ च्या ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’मध्ये ती यानाची दिशाचालक आयलिया झाली, आणि त्यासाठी तिने आपले लांबसडक केस उतरवले. ज्या महाराष्ट्रात बाईचं मुंडण म्हणजे केशवपनाची जखम, आणि ते करायला नकार देणाऱ्या मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली संप केला होता, त्याच मुंबईची मुलगी तुळतुळीत डोक्याने, ताठ मानेने अंतराळात उभी राहिली. ती कामावर रुजू होते तेव्हाचा प्रसंग फर्मास आहे. ७९ भाग बायका कर्कवर भाळत आल्या. ही आल्या आल्या कप्तानाला सांगून टाकते की माझी ब्रह्मचर्याची शपथ दप्तरी नोंदलेली आहे!

आता पुन्हा मेरी सूकडे येऊ. पॉला स्मिथ यांची थट्टा प्रेमळ होती, घरातल्या घरातली होती. त्यांच्याकडे अशा गोष्टींचा ढीग येत होता: एक अद्भुत मुलगी येते, सगळ्यांना जिंकते, सगळ्यांना वाचवते. पण थट्टा शब्द झाली, शब्द शेरा झाला, आणि पुढे पुढे मुली आपल्या कथेत मुलगी घालायलाच धजेनात. कुणी मेरी सू म्हटलं तर? याची नोंद अभ्यासक कॅमिल बेकन-स्मिथ यांनी १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात केली आहे.

तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तरुण वयात कप्तान कोण झालं? प्रत्येक मारामारी कोण जिंकतं? प्रत्येक ग्रहावर कुणावर जीव जडतो? कर्कवर! मग त्याला मेरी सू का म्हणत नाहीत? त्याला नायक म्हणतात. आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’मधला वेस्ली क्रशर? पोरसवदा, असामान्य बुद्धीचा, वारंवार यान वाचवणारा. रॉडनबेरींचं पूर्ण नाव काय होतं माहीत आहे? यूजीन वेस्ली रॉडनबेरी. पुरुषाने स्वतःला कथेत बसवलं की मालिका होते, साडेपंधरा वर्षांच्या मुलीने बसवलं की विनोद. हा भेद दाखवून दिला तोही बायकांनीच, आणि पुन्हा हसत हसत.

हसण्यातून दुरुस्ती होते का? मोजून बघा. मूळ निवेदनात यान निघालं होतं ते कुणी ‘मॅन’ गेला नाही अशा जागी. १९८७ साली त्या ‘मॅन’च्या जागी ‘नो वन’, म्हणजे कुणीही, आलं. आपल्या मराठीने ‘बाईमाणूस’ म्हणत बाईला माणसात कधीच मोजलं होतं, इंग्रजीतल्या या यानाला एकवीस वर्षं लागली. १९९५ साली ‘व्हॉयेजर’ मालिकेत कॅथरिन जेनवे ही बाई कप्तान झाली, आणि मेरी सूच्या कर्कप्रमाणे तीही कॉफीची वेडी निघाली. २०१५ साली इटलीच्या अंतराळवीर सामान्था क्रिस्टोफोरेट्टी यांनी जेनवेसारखा गणवेश चढवून अंतराळ स्थानकात खरीखुरी एस्प्रेसो प्यायली. २०२२ च्या नव्या मालिकेत नंबर वन परत आली, आपल्या हक्काच्या उपकप्तानपदावर, आणि या वेळी नावासकट. आणि सायक्लोस्टाइलच्या त्या शाईचा वारसा सांगणारं, प्रामुख्याने बायकांनी उभारलेलं चाहता-कथांचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे भांडार? त्याला २०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथेच्या जगातला सर्वांत मानाचा.

तुमच्या घरातही कदाचित एखादी साडेपंधरा वर्षांची मुलगी असेल. वहीच्या मागच्या पानांवर, गणिताच्या कच्च्या कामाशेजारी, ती काहीतरी खरडत असेल, आणि त्या गोष्टीत तीच यान चालवत असेल, तीच सगळ्यांना वाचवत असेल. ते पान चुकून तुमच्या हाती लागलं, तर तिला हसू नका. पुढे काय झालं, एवढंच विचारा.